डोरीनखालचा रेडिओ

रविवारी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी डोरीन आपल्या धाकट्या भावाच्या बैठकीतल्या मोठ्या खुर्चीत बसली, आणि खुर्चीच्या हातावरून घसरून गादीच्या फटीत गेलेला रेडिओ तिच्याखाली आला. या रेडिओला बाजूला एक बटण असतं. दाबलं की आपलं बोलणं जातं, सोडलं की दुसऱ्याचं येतं. डोरीन दाबून बसली. पुढचं सगळं रामायण या एका बैठकीचं आहे.

रेडिओ आपण कुठं ठेवला हे लोवेल ट्वेटनला काही केल्या आठवत नव्हतं, पण बहिणीसमोर शोधाशोध करायची सोय नव्हती. ती मिनियापोलिसहून चार तास गाडी हाकून आली होती ती हा रेडिओ कितपत भरवशाचा आहे ते बघायला. लोवेलनं मनाशी हिशेब केला की आवाज मोठा करून ठेवलाय, घरात कुठंही असला तरी आईनं हाक मारली की ऐकू येईलच. मग तो हवापाण्याचं बोलायला लागला.

आई म्हणजे व्हर्नाबाई. वय चौऱ्याऐंशी. गोठलेल्या तळ्याच्या पलीकडच्या काठावर, लोवेलच्या शेतघरापासून बर्फावरून पाऊण मैलावर त्या एकट्या राहत. बायको आर्लिस वारल्यापासून लोवेलही इकडे एकटाच होता. मागच्या हिवाळ्यात लाकडाच्या खोपटात त्या घसरून पडल्या आणि लोवेलला ते कळायला दीड तास लागला. मोबाइलला रेंजची एक काडी मिळवायची तर चढावरच्या टपालपेटीपर्यंत चालत जावं लागे, आणि पाय मुरगळलेल्या माणसानं तिथवर जायचं म्हणजे मुळात पाय मुरगळलेलाच नसावा लागतो. तेव्हापासून डोरीनचं म्हणणं होतं की आईला आठ मैलांवरच्या हॉल्विग गावात, वृद्धांसाठी बांधलेल्या इमारतीत खोली घ्यावी. लोवेलचं म्हणणं होतं की आई तिच्या घरात सुखी आहे, मी रेडिओ आणलाय. शेवटी तह झाला. रविवारी बरोबर तीनला आईनं पलीकडून बोलायचं, लोवेलनं इकडून उत्तर द्यायचं. जमलं तर आई घरी राहील. नाही जमलं तर डोरीन त्याच आठवड्यात खोलीच्या कागदांवर सही घेईल.

रेडिओ आणणं सोपं होतं. पण व्हर्नाबाईंनी एकतीस वर्षं टाऊनशिपची, म्हणजे इथल्या पंचायतीची, दप्तरं सांभाळली होती. परवान्याशिवाय त्यांनी त्या वस्तूला बोट लावायला नकार दिला. लोवेलनं सांगून पाहिलं की कुणी विचारत नाही. त्या म्हणाल्या की कुणी विचारत नाही तेव्हाच परवाना लागतो, विचारलं तर माणूस काढतोच. तेव्हा लोवेल संगणकापुढं बसला. हे काम लोक एका संध्याकाळी उरकतात, लोवेलला नऊ लागल्या. पहिल्या संध्याकाळी त्यानं परवलीचा शब्द बनवला, दुसऱ्या संध्याकाळी तो विसरला. तिसऱ्या संध्याकाळी त्याच्याकडे मासेमारीची होडी असल्यामुळे त्यानं प्रामाणिकपणे जहाजाच्या रेडिओचा अर्ज भरत आणला होता. नवव्या संध्याकाळी एकदाचा घरगुती रेडिओचा योग्य अर्ज गेला. परीक्षा नाही हे कळल्यावर व्हर्नाबाईंना जरा वाईट वाटलं. त्यांनी अभ्यास केला होता.

परवान्याबरोबर एक कॉल साइन आली. काही अक्षरं नि काही आकडे, म्हणजे हवेतलं आडनावच. एका परवान्यात सगळं कुटुंब बसतं, पण बोलणं संपवताना, आणि लांबलं तर दर पंधरा मिनिटांनी, ते नाव सांगावं लागतं. व्हर्नाबाई ते सांगत आणि वहीत वेळ टिपत. रेडिओत आणखी एक सोय होती. कुणी एक मिनिटापेक्षा जास्त वेळ बटण दाबून ठेवलं तर तो आपण होऊन गप्प बसे. ती सोय लोवेलनं पहिल्याच दिवशी बंद केली, कारण आईचा सकाळचा अहवाल मिनिटात बसत नव्हता. त्यांचं बघून तळ्याकाठच्या आणखी चार घरांनी आपापले परवाने काढले, आणि सगळे एकाच चॅनेलवर कान लावून बसू लागले. दूरदर्शन बघण्यापेक्षा बरं, असं त्यांचं मत होतं.

तर त्या रविवारी दोन वीसपासून पाच घरांत डोरीन ऐकू येत होती.

पहिला अर्धा तास विशेष काही नव्हतं. रस्ता, बर्फ, डोरीननं करून आणलेल्या लिंबाच्या वड्या. लोवेल मधूनमधून उठून स्वयंपाकघरात जाई आणि पावाच्या डब्यात बघून येई. एकदा त्यानं बहिणीच्या देखत फुलदाणी उचलून पाहिली आणि धूळ पुसल्यासारखं केलं.

"वाजले तीन," डोरीन म्हणाली.

"ते घड्याळ पुढं आहे."

पाच मिनिटांनी ती म्हणाली, "आता?"

"आईचं मागं असेल."

आईचं घड्याळ मागं नव्हतं. पलीकडच्या काठावर ठीक तीनला व्हर्नाबाईंनी बटण दाबलं होतं, कॉल साइन सांगितली होती आणि आपण सुखरूप असल्याचं स्वच्छ आवाजात जाहीर केलं होतं. पण लोवेलचा रेडिओ स्वतःच बोलत होता, आणि बोलणाऱ्या रेडिओला कान नसतात. माणसांतही हा प्रकार आढळतो. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा केला, आणि वहीत नोंद केली: 'दोन वीसपासून सलग. नाव एकदाही नाही.'

इकडे लोवेल खिडकीशी गेला. आईच्या धुराड्यातून धूर सरळ वर चालला होता. म्हणजे ती ठीक होती, फक्त बोलत नव्हती. ही तर आणखी वाईट गोष्ट, कारण तिला काही झालं असतं तर निदान रेडिओचा दोष निघाला नसता. असा विचार मनात आल्याबद्दल तो स्वतःवरच चिडला.

"धूर दिसतोय," तो म्हणाला.

"धूर बघायचा तर परवाना कशाला काढलास?" डोरीन म्हणाली. "तुझा हट्ट आहे हा, लोवेल. आईचं नाव पुढं करतोस नुसतं."

या भागात माणूस खूश झाला की 'वाईट नाही' म्हणतो, आणि फार खूश झाला की काहीच म्हणत नाही. मनातलं बोलायची पद्धतच नाही. लग्नात, मयतीला, कुठंच नाही. तेव्हा त्यानंतर लोवेल जे बोलला ते घरात फक्त दोघंच आहेत या भरवशावर बोलला, हे त्याच्या बाजूनं नोंदवून ठेवायला हवं.

"हो," तो म्हणाला. "माझाच हट्ट आहे. सकाळी आठला ती सांगते, उठले, शेगडी पेटवली, हवा अमुक अमुक. एवढंच. आर्लिस गेल्यापासून या घरात सकाळी दुसरा आवाज नाही, डोरीन. आई बोलली की मी कॉफी ठेवतो. नाही तर ठेवलीच नसती. तिच्यासाठी रेडिओ आणला असं मी सगळ्यांना सांगतो. खरं तर तीच रोज माझ्यासाठी उठते. तिला कधी तसं म्हटलं नाही. म्हणणार पण नाही."

डोरीननं हातातली वडी ताटात परत ठेवली.

"मग मी काय तिला कोंडायला निघालेय? नर्सिंगला होते तेव्हा दर आठवड्याला तिचं पत्र यायचं. एकशे चाळीस आहेत. सगळ्यांत हवामान. तिला दुसरं काही लिहिता यायचं नाही, पण एक आठवडा चुकवला नाही तिनं. मी सगळी ठेवलीत, आणि एकातही आभार मानले नाहीत. आता परत काय द्यायचं तिला? म्हटलं, निदान न घसरणारी न्हाणीची फरशी तरी."

पलीकडे व्हर्नाबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. वही मिटली. मग उठून दोन लोकरी मोजे चढवले, त्यावर बूट, आणि खोपटातून पायानं रेटत न्यायची ती घसरती खुर्ची बाहेर काढली. लांब पोलादी पट्ट्यांवर बसवलेली, मागं उभं राहून एका पायानं ढकलायची. त्यांच्या आईची होती.

लोवेल पलीकडे जायला बूट घालतच होता, तेवढ्यात शेजारचा ग्लेन हाउगे दारात उभा राहिला. ग्लेननं सगळं ऐकलं होतं. पन्नास वर्षांच्या शेजारधर्माला स्मरून, लोवेल, तुझा रेडिओ चालू आहे, एवढं एक वाक्य सांगायला तो पिकअप काढून आला होता. पण दारात आल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे वाक्य उच्चारलं म्हणजे बाकी सगळं ऐकलं हे कबूल करावं लागणार. तेव्हा तो म्हणाला, आज वारा नाही.

वारा नव्हता हे लोवेलनं मान्य केलं आणि पायातले बूट काढले. आलेल्या माणसाला कॉफी न देता घराबाहेर पडणं हा गुन्हा जगातल्या कुठल्याही परवान्यात बसत नाही. ग्लेननं कॉफी नको म्हटलं. पुन्हा विचारल्यावर, आत्ताच घेतली म्हटलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर, अगदीच होत असली तर अर्धा कप, म्हटलं. इथं पहिल्याच वेळेला 'हो' म्हणणारा माणूस एकदाच होऊन गेला, आणि तो विमा विकायला आला होता.

"आईची काळजी करू नकोस," ग्लेन बसल्यावर म्हणाला. "ठीक असणार ती."

"तुला कसं माहीत?"

ग्लेन कपात बघत राहिला. "धूर सरळ आहे."

थोड्या वेळानं त्यानं आडून प्रयत्न केला. रेडिओ कसा चालतोय, असं विचारलं. लोवेल सवयीनं म्हणाला, वाईट नाही.

"कधीकधी म्हणे फारच चांगला चालतो," ग्लेन म्हणाला.

"आज तर मुळीच चालत नाहीये," डोरीन म्हणाली.

"असं म्हणता येणार नाही," ग्लेन म्हणाला, आणि याहून पुढं जाण्याचं धैर्य न झाल्यामुळे त्यानं एक वडी घेतली. डॉक्टरांनी त्याला साखर वर्ज्य केली होती. डोरीननं आग्रह केला. दुसरी घे, म्हणाली. मग तिसरी. मग, पुरुषासारखा पुरुष तीनवर थांबतोस काय, असं म्हणून चौथी.

चौथ्या वडीनंतर बरोबर बारा मिनिटांनी ग्लेनची बायको फिलिस आली. ग्लेनचा पिकअप थंडीत परत सुरू होतो की नाही ते बघायला आले, असं तिनं सांगितलं. मग नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "चार."

ग्लेनचा चेहरा उतरला. लोवेलला काही कळलं नाही. त्यानं चौघांसाठी का असं विचारून आणखी कॉफी ठेवली. फिलिसनंही तीन वेळा नको म्हटलं.

आता खुर्चीतल्या रेडिओला तास उलटून गेला होता. इतका वेळ सलग बोलल्यावर कुणीही तापतं.

"ही खुर्ची गरम होते वाटतं, लोवेल," डोरीन म्हणाली. "छान घेतलीस. हल्ली माझी कंबर धरते, किती बरं वाटतंय म्हणून सांगू."

लोवेलनं ती खुर्ची शेजारच्या शेताच्या लिलावात घेतली होती आणि तिला वायर असल्याचं त्याला आठवत नव्हतं. पण बहिणीनं दुपारभरात केलेलं हे पहिलं कौतुक होतं, त्यामुळे तो गप्प राहिला. ग्लेन आणि फिलिस मात्र एकदम खुर्चीकडे बघायला लागले. मग एकमेकांकडे.

"डोरीन, चार तास गाडीत, वर इथं बसलेली," फिलिस म्हणाली. "पाय आखडले असतील गं. जरा उठून फिर की."

"नको बाई. इथंच बरी आहे मी."

"खिडकीतून तळं काय सुंदर दिसतंय आज."

"मी इथंच वाढले, फिलिस. पाहिलंय तळं."

फिलिसनं हात टेकले. तिच्या मते तिनं स्पष्ट बोलण्याची हद्द केव्हाच ओलांडली होती. आता तिनंही एक वडी घेतली.

तीन बावन्नला दार उघडलं. व्हर्नाबाईंच्या भुवयांवर बर्फ होतं, एका बगलेत वही होती, आणि कोटाच्या खिशातून डोरीनचाच आवाज येत होता. आई, तू बर्फावरून एकटी कशी आलीस, असं डोरीन खुर्चीतून म्हणाली आणि खिशातूनही म्हणाली, आणि मग दोन्ही रेडिओंनी मिळून अशी किंकाळी फोडली की ग्लेनच्या हातातला कप सांडला. व्हर्नाबाईंनी खिशातला रेडिओ बंद केला.

"ऊठ, डोरीन," त्या म्हणाल्या.

डोरीन उठली. व्हर्नाबाईंनी गादीच्या फटीत हात घातला, रेडिओ हातमोज्यात धरूनच बाहेर काढला, तोंडाजवळ नेला, बटण दाबलं, कॉल साइन सावकाश उच्चारली आणि सोडलं. मग लगेच उरलेल्या तिन्ही घरांनी आपापल्या कॉल साइन सांगून, वाजवी आवाजात, आमची काही तक्रार नाही असं कळवलं.

ग्लेन छताकडे बघत होता. फिलिस वडीकडे. लोवेलचा चेहरा कानापर्यंत लाल होत गेला, कारण आपण काय काय बोललो ते त्याला एकेक करून आठवत होतं.

"ब्याण्णव मिनिटं," वही उघडून व्हर्नाबाई म्हणाल्या. "सहा वेळा नाव सांगायचं होतं. एकदाही सांगितलं नाहीत. परवाना माझ्या मुलाच्या नावावर आहे, म्हणून बोलते."

"आई," लोवेल म्हणाला, "तू सगळं..."

"वहीत मी फक्त वेळ लिहिते. काय बोललात ते लिहायची पद्धत नाही." त्यांनी वही मिटली आणि पहिल्यांदाच खाली बसल्या, त्याच खुर्चीत. गरम होती. "डोरीन, हॉल्विगची ती तिसऱ्या मजल्यावरची खोली गेली का?"

चार तासांच्या रस्त्यात डोरीननं आईला पटवण्यासाठी अकरा मुद्दे तयार केले होते, त्यातला एकही वापरला नव्हता.

"मला दोन वर्षांपासून जायचंय तिथं," व्हर्नाबाई म्हणाल्या. "मंगळवारी पत्ते असतात. लाकडं फोडावी लागत नाहीत."

"मग बोलली का नाहीस?" लोवेल म्हणाला. "मला वाटलं तुला तुझ्या घरातच राहायचंय."

"नऊ संध्याकाळी तू त्या संगणकापुढं बसला होतास. होडीचा अर्ज काय भरलास, काय काय केलंस. एवढं झाल्यावर मी कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं, पोरगा माझ्यासाठी धडपडतोय, राहू या." त्यांनी हातमोजे काढून मांडीवर नीट ठेवले. "कुणासाठी काय चाललं होतं ते आज कळलं. बरं झालं."

म्हणजे आई मुलासाठी राहत होती, मुलगा आईसाठी रेडिओ चालवत होता असं सांगत स्वतःसाठी चालवत होता, आणि मुलगी दोघांशी भांडून आईला जे हवं तेच देऊ पाहत होती. कुणी ब्याण्णव मिनिटं बटण दाबून बसलं नसतं तर हे आणखी दहा हिवाळे असंच चाललं असतं. डोरीननं खिडकीकडे तोंड केलं. बर्फावरच्या उन्हानं डोळ्यांना त्रास होतो, असं तिचं म्हणणं पडलं.

"पण आठ मैल," लोवेल हळूच म्हणाला. "या रेडिओला आठ मैल झेपायचे नाहीत."

"याला नाही. पण आपल्या परवान्यात मोठा संच बसतो, आणि उंच अँटेनाही चालते. मी नियम वाचलेत. चारा साठवायची तुझी ती सायलो किती उंच आहे?"

"साठ फूट."

"मी तिथल्या व्यवस्थापक बाईंकडे उत्तरेकडची, म्हणजे तुझ्या बाजूची, खिडकी मागितली आहे. आज नाही, ऑक्टोबरातच. मिळाली तर असावी म्हणून."

ग्लेन उठला. निघायला हवं, असं म्हणाला, आणि त्यानंतर पद्धतीप्रमाणे तो आणि फिलिस पाऊण तास दारात उभे होते. जाताना लोवेलनं ग्लेनचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. सांगायला आला होतास ना, असं त्यानं विचारलं. ग्लेन म्हणाला, वारा सुटेल आता.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सायलोवर खांब चढला. त्यासाठी ग्लेननं दोर धरला, डोरीन पुन्हा चार तास गाडी हाकून आली आणि खालून ओरडत राहिली की उतर. सोमवारी सकाळी आठला पाच कमी असताना लोवेल स्वयंपाकघरात नव्या संचापुढं बसला. भांड्यात पाणी घातलं होतं, पण शेगडी लावली नव्हती.

आठला खरखर झाली, आणि तिच्यातून आई आली. कॉल साइन. उठले. इथं शेगडी नाही, वाफेचे नळ आहेत. हवा उणे चार. लोवेलनं कॉफी ठेवली.

"थांब जरा," व्हर्नाबाई म्हणाल्या. "इथं ह्यालमार आलाय, समोरच्या खोलीतला. त्याला बोलायचंय. पण तो आपल्या घरातला नाही, आपल्या परवान्यावर त्याला बोलता येत नाही. म्हणून मी त्याचा वेगळा काढून दिला. एका संध्याकाळी झाला. काल आला."

मग एक कापरा, फार म्हातारा आवाज आला. त्यानं आपली कॉल साइन दोनदा सांगितली, एकदा नियमासाठी आणि एकदा हौसेनं.

"मी त्र्याण्णव वर्षांचा आहे," तो म्हणाला. "परवान्यावर दहा वर्षांची मुदत लिहिली आहे. मी भिंग घेऊन वाचली. इतकी मला डॉक्टरांनी दिली नाही, मुलांनी तर नाहीच नाही. याचे आभार कुठं कळवायचे असतात?"

"अर्जात तशी जागा मला सापडली नाही," लोवेल म्हणाला. "पण मी नऊ संध्याकाळीच शोधलं."

"बरं. मग आता मी काय बोलू?"

"हवा सांगा."

ह्यालमारनं हवा सांगितली. उणे चार. त्याच्यामागं एक बाई उभ्या होत्या, त्यांचाही परवाना आला होता. त्यांनी हवा सांगितली. त्यांच्यामागं आणखी चौघं होते, हातात आपापली कॉल साइन लिहिलेला कागद घेऊन. आठ वाजून चाळीस मिनिटांपर्यंत लोवेलनं उणे चार ही एकच हवा सात जणांकडून ऐकली, आणि प्रत्येकाचे वेगवेगळे आभार मानले.